मेपलचा हट्ट नको, अंगणात कांचन लावा



भिंतीवरच्या कॅलेंडरात लालभडक पानांचे एक ठेंगणे झाड आपण पाहिले असेल. ते जपानी मेपल. उंची १५ ते २५ फूट, वाढ सावकाश, पान पसरलेल्या पंजासारखे. त्या पानावरूनच स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी १७८४ साली त्याला ‘एसर पाल्माटम’ हे नाव दिले.

हे झाड इंदूरला लावावे काय? आमचे उत्तर आहे: पैसे घालवू नका. पहिले कारण, मेपलला हिवाळ्यात दीर्घ थंडीची विश्रांती लागते. आपली थंडी थोड्या दिवसांची. दुसरे, वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि लू वाहते, तेव्हा त्याची कोवळी पाने कडेपासून करपतात. तिसरे, त्याला किंचित आंबट, पाण्याचा निचरा होणारी माती हवी. माळव्याच्या काळ्या जमिनीत चुना असतो. चुन्यामुळे झाडाला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. शिवाय पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात.

मग शोभेला काय लावावे? आम्ही कांचन सुचवतो. हिंदीत हाच कचनार. दसऱ्याचा आपटा याचाच भाऊबंद. झाड २० ते ३५ फूट वाढते. पान गुराच्या खुरासारखे दुभंगलेले. फाल्गुनाच्या सुमारास पाने गळतात आणि उघड्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुले येतात.

लागवड अशी करावी. उन्हाळ्यात शेंगा तडकण्यापूर्वी उतरवून ताजे बी पिशवीत पेरावे. पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी २ फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात रोप लावावे. जमीन भारी असल्यास मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. दोन झाडांत १५ फूट अंतर ठेवावे. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी द्यावे. कडाक्याच्या थंडीत लहान रोपावर गोणपाट झाकावे. छाटणी फुले संपल्यावर करावी.

खत विकत आणू नये. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच इंदुरात काडीकचरा, शेण, माती, राख व गुरांचे मूत्र यांपासून खत करण्याची रीत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. ढीग ओला ठेवून अधूनमधून परतला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

कांचनचा पाला गुरे खातात. कोवळ्या कळ्या उकडून, पाणी टाकून, दह्यात भाजी करतात. शुक्रवारी मांस वर्ज्य असते तेव्हा ही भाजी उपयोगी पडते. सालीचे औषध गळ्याच्या गाठींवर देतात, पण ते घरी करू नये. गळ्याला आलेली गाठ क्षयाची किंवा थायरॉइडची असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवावी, उशीर करू नये.

उपवासकाळात वेदीवर फुले नसतात. तेव्हा कांचनचा बहर झाडावरच मधमाश्यांसाठी राहू द्यावा. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत टिकलेली फुले वेदीवर वाहावीत. यंदा प्रत्येक घराने एक तरी रोप लावावे, ही आमची विनंती.