जोडीचा कोयता आणि बाईची मजुरी



ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे हिशेबात बाई निम्मी धरलेलीच आहे! पण मुकादमाकडून उचल बहुधा गड्याच्या नावावर निघते, टनाचा हिशेबही त्याच्याच हातात पडतो. गडी तोडतो, पण मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहून गाडीपर्यंत नेणं, यात बाईचा वाटा मोठा. ती आजारी पडली की खाडा मात्र जोडीवर.

आपल्या शेतात तरी वेगळं काय? भांगलणीला बायाच लागतात आणि हजेरी गड्यापेक्षा कमी. का, तर म्हणे काम हलकं. दिवसभर वाकून खुरपं चालवून बघावं एकदा! लागणीनंतर पहिले तीन-चार महिने तण राहिलं तर फुटवे मार खातात, टनेज घटतं. ते टनेज राखतं कोण?

१९७६ च्या समान वेतन कायद्यानं सारख्या कामाला सारखी मजुरी सांगितली, २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. पण 'बायांचं काम' म्हणून कामच वेगळं पाडलं, की कायदा बांधावरच थांबतो. तेव्हा भांगलणीची हजेरी बायांशी बोलूनच ठरवा, आणि पैसे त्यांच्याच हातात द्या.

— ऊस विकास अधिकारी