अंथरूण, अन्न आणि ओळख



आणखी महिना-दीड महिना गेला की आपल्यासारख्या गावांत एक देखावा घरोघर दिसू लागेल. निकाल लागलेला असतो, किंवा नोकरीचे पत्र आलेले असते. आई डब्यात लाडू भरीत असते, वडील पैसे कोठे ठेवले ते तिसऱ्यांदा विचारीत असतात, आणि अठरा-वीस वर्षांचे एक पोर एसटीच्या खिडकीतून हात हलवीत दुसऱ्या शहराकडे निघते. गाडी वळणाआड गेली की आपण घरी परततो. त्यानंतरची आपली चौकशी बहुधा दोन प्रश्नांत आटोपते : पोचलास का, आणि जेवलास का.

हे दोन प्रश्न चुकीचे नाहीत. पण अपुरे आहेत. नव्या शहरात एकट्याने पाऊल ठेवणाऱ्या माणसाला तीन गोष्टी लागतात. पाठ टेकायला जागा लागते, वेळेवर ताट लागते, आणि आपण दिसलो नाही तर ‘तो कुठे गेला?’ असे विचारणारे एक तरी माणूस लागते. अंथरूण, अन्न आणि ओळख. पहिल्या दोन्हींबद्दल आपण विचारतो. तिसरीबद्दल विचारीत नाही, कारण आपल्या गावात ती हवेसारखी फुकट मिळते आणि म्हणून ध्यानातच येत नाही. या तीन गोष्टी पूर्वी कोण पुरवीत असे, आज कोण पुरविते, आणि मध्ये काय हरवले, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

प्रथम मुंबईकडे पाहू. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी तेथे पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोकणातून व घाटावरून माणसांचा लोंढा मुंबईकडे वाहू लागला. हे बहुतेक एकटे पुरुष होते. बायकामुले गावी शेतीवर, आणि कर्ता पुरुष गिरणीत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत पुरुषांच्या मानाने स्त्रिया जवळजवळ निम्म्याच होत्या, यावरून या एकटेपणाचा पसारा ध्यानात येईल. सरकारने १९२० साली विकास खाते काढून वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे एकूण २०७ चाळी बांधविल्या, त्या बीडीडी चाळी. परंतु नवख्या माणसाला चाळीतली अख्खी खोली परवडत नसे. मग त्याची सोय होई कोठे?

ती होई गावकीच्या खोलीत. एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यावयाची, भाडे वाटून भरावयाचे, आणि गावाहून नवा मुलगा आला की त्याची ट्रंक भिंतीशी सरकवून घ्यावयाची. वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका आणि वळकट्या एका खोलीत कशा मावत, असे कोणी विचारील. उत्तर गिरणीच्या पाळीत आहे. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या जागी पसरे, त्या जागेवरून दिवसपाळीचा नुकताच उठून गेलेला असे. जागा एक आणि पाठी दोन. उन्हाळ्यात गॅलरी आणि फुटपाथ होताच. आपल्या गोमंतकीय बांधवांची ‘कूड’ याच जातीची. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी असे क्लब थाटले होते. बोटीवर नोकरी शोधणारा तरुण तेथे उतरे, पेटी ठेवी, आणि सायंकाळी सर्वांबरोबर वेदीपुढे प्रार्थनेला बसे.

अन्नाची व्यवस्था खानावळीत. गिरणगावातल्या बाया आपल्या स्वयंपाकघरातून या एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालीत. पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे कर्ज ती बाई आपल्या डोक्यावर घेई. एका परीने गिरणीचा कामगार तिच्या उधारीवर उभा होता. या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात गिरण्यांच्या भोंग्याइतकी मोठ्याने सांगितली पाहिजे.

पुण्याची तऱ्हा निराळी. तेथे एकटा येई तो विद्यार्थी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे वार लावून तो जेवे; नाही तर माधुकरी मागे. अन्न मिळे, पण मान खाली घालून. ही लाचारी संपावी म्हणून १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, आणि खेड्यांतून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती उभी केली. एकट्या स्त्रीला तर शहरात जागाच नव्हती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा कोठे एकटीने घराबाहेर राहून शिकण्याची कल्पना आपल्याकडे मूळ धरू लागली.

आता या जुन्या व्यवस्थांचे मर्म पाहा. गावकीच्या खोलीत अंथरूण, अन्न आणि ओळख या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असत. खोलीत पडून राहिलेला माणूस लपू शकत नसे. ताप आला तर पंचवीस जणांना कळे. पगार उडविला तर पुढच्या पत्राने गावी कळे. हा जाच होता, आणि हाच आधार होता.

पण येथेच थांबलो तर मी तुम्हांला अर्धेच सत्य सांगितले असे होईल. या गाठोड्याला एक घट्ट गाठ होती, आणि ती ‘आपल्या’ माणसांपुरतीच सुटत असे. खोली आपल्या गावाची, पुष्कळदा आपल्या जातीची. ज्याचे ‘आपले’ त्या शहरात नव्हते, त्याने काय करावे?

१९१७ साली सव्वीस वर्षांचा एक तरुण बडोद्यास उतरला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात आणि पुढे लंडनमध्ये शिकून तो बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यास आला होता. त्याला राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून तो राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणून बजावून गेले. एका हिंदू स्नेह्याकडे आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्याने आसरा विचारला. दोघांनीही अडचण सांगितली. मग रात्रीची मुंबईची गाडी मिळेपर्यंत तो कामाठी बागेत बसून राहिला. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्यांच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा तयार झाला त्या पुरुषाला एका शहराने एक खोली दिली नव्हती. आज घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क वाचताना बागेतल्या त्या बाकाची आठवण ठेवावी.

ही गाठ सोडविण्याचे प्रयत्नही आपल्याच महाराष्ट्रात झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत खात. अंथरूण आणि अन्न एकत्र असावे, पण ओळख जातीची नसावी, हा त्याचा अर्थ.

आज काय स्थिती आहे? गावकीची खोली १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबरच ओसरत गेली. आता मुलगे आणि मुली, दोघेही पुण्याला, मुंबईला, बंगळूरला, हैदराबादला एकटी जातात, हे फार चांगले झाले. पण गाठोडे सुटून तिन्ही वस्तू विखुरल्या. अंथरूण एका ठिकाणी भाड्याने मिळते. एका खोलीत तीन कॉट, प्रत्येकीचे भाडे वेगळे. अन्न फोनवर बोट ठेवले की दाराशी येते, आणि आणणाऱ्याचा चेहराही पाहावा लागत नाही. या दोन वस्तू बाजारात आहेत. तिसरी बाजारात नाही. आणि जी वस्तू विकत मिळत नाही ती आपल्याजवळ नाही, हे तरुण माणसाला बऱ्याच उशिरा कळते.

मला ते कसे कळले ते सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावाहून पुण्यास नोकरीस गेलो. माडीवर एक खोली होती, जिना बाहेरून होता, आणि मालकांना भाड्यापलीकडे कशाशी कर्तव्य नव्हते. या स्वातंत्र्याचा मला मोठा अभिमान होता. पावसाळ्यात एकदा ताप भरला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. उठून जिना उतरण्याचे त्राण नव्हते, आणि आपण येथे पडलो आहोत हे या शहरात कोणासही ठाऊक नाही, हा विचार तापाहून अधिक पोळू लागला. दुसऱ्या दिवशी रात्री दार वाजले. खानावळीतला वाढपी मुलगा दारात उभा होता. “मावशींनी विचारलंय, तुमचं पान दोन दिवस तसंच उचललं, गावाला गेलात की काय?” मावशींनी मग कण्हेरी पाठविली, डॉक्टर पाठविला. माझे पूर्ण नावही त्यांना माहीत नव्हते. पंक्तीतली माझी जागा मात्र माहीत होती. ती रिकामी आहे, हे त्यांना दिसले.

ओळख म्हणजे एवढेच. मैत्री नव्हे, नाते नव्हे. आपली जागा रिकामी दिसणे. आणि ती दिसण्यासाठी आपली एक ठरलेली जागा असावी लागते. म्हणून बाहेर जाणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे साधे आहे. आठवड्यातून काही वेळा तरी एकाच ठिकाणी, एकाच वेळी जेवा. एक वाचनालय, एक तालीम, एक गाण्याचा वर्ग, काहीतरी एक ठरलेल्या वारी धरा. ओळख योगायोगाने होत नाही. ती पुनःपुन्हा दिसण्याने होते. खोलीतल्या सोबत्याला घरचा फोन द्या आणि त्याचा तुम्ही घ्या. गावच्या मंडळात जरूर जा. पण तेवढ्यातच राहिलात तर शहरात जाऊनही शहर पाहिले नाही असे होईल.

अंथरुणाबाबत एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे जागा भाड्याने किंवा लीव्ह-लायसन्सने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला, हा युक्तिवाद येथे चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट बाजूने, लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर २४ व्या कलमान्वये दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणून अनामत किती, ती केव्हा परत मिळणार, रंगाचा खर्च कोणाचा, वीजबिल कोणाचे, हे सारे कागदावर असू द्या. कागद असला म्हणजे मालक आणि बिऱ्हाडकरू दोघांनाही एकमेकांशी गोड बोलणे सोपे जाते.

आणि आता तुमच्याशी, म्हणजे या मंडपातल्या घरवाल्यांशी. आपली मुले बाहेर जातात तशी दुसऱ्यांची आपल्या गावात येतात. बँकेत, शाळेत, दवाखान्यात नव्याने रुजू झालेली ती एकटी मुलगी आपल्याच दाराशी जागा विचारते. आपण काय म्हणतो? “आम्ही फक्त फॅमिलीला देतो.” नंतर आडनाव विचारतो, मग काय खाता ते विचारतो, आणि शेवटी रात्री किती वाजता येणार ते विचारतो. मालकाला काळजी असते, हे मी जाणतो. घर त्याचे आहे. पण काळजी आणि संशय यांत फरक आहे. संशय विचारतो, “तुझ्याकडे कोण आले होते?” काळजी विचारते, “काल तू दिसली नाहीस, बरी आहेस ना?” प्रश्नांचे शब्द थोडेच बदलतात; पण पहिल्या प्रश्नाने मुलगी दार लावून घेते, आणि दुसऱ्याने ती जिन्यात दोन मिनिटे थांबते.

गावकीची खोली परत येणार नाही, आणि तिच्या दाराबाहेर किती जण उभे राहिले हे पाहिले म्हणजे ती जशीच्या तशी यावी असेही मी म्हणणार नाही. परंतु तिच्यातला एक गुण आपल्याला ठेवता येईल, आणि त्यासाठी आडनाव विचारण्याची गरज नाही. उद्या सकाळी आपल्या जिन्यावरच्या, शेजारच्या माडीवरच्या एकट्या बिऱ्हाडाकडे एकवार पाहा. दाराशी दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच पडलेली असेल, तर कडी वाजवा. आपल्या पोराच्या दाराची कडी त्या दूरच्या शहरात कोणीतरी अशीच वाजवावी, असे आपल्यालाही वाटतेच.