नाचायला कोणती जॅझ निवडावी?

आमच्या घरात नुकतेच पुतणीचे लग्न झाले. लग्नविधी साधेपणाने झाला. संध्याकाळी घरच्या मंडळींनी एकत्र बसून थोडे नाचावे, असा तरुणांचा आग्रह होता. डीजे नको, यावर सर्वांचे एकमत होते. पुतणी पुण्यात शिकताना तिकडे जॅझच्या तालावर नाचायला शिकली आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही हिशोबातले माणूस. गाण्यांचा क्रम तुम्हीच लावा."

इतक्यात थोरले काका कडाडले, "लय नाचले आपले बापजादे लोकायच्या दारात! आता कायले नाचाचं?"

सारे गप्प झाले. काकांचे म्हणणे खोटे नव्हते. दुसऱ्याच्या दारी वाजवायचे, नाचायचे आणि पंगतीला मात्र बाहेर बसायचे, हे ज्यांनी पाहिले त्यांना नाच म्हटले की तेच आठवणार. पण जॅझची माहिती काढताना मला कळले की, ही कहाणीही तशीच आहे.

जॅझ हे अमेरिकेतील काळ्या लोकांचे संगीत. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून तेथे विकले गेले होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'कॉटन क्लब' होता. तेथे १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनसारखा थोर कलावंत आपला वाद्यवृंद घेऊन वाजवी. वाजविणारे काळे, नाचणारे काळे. पण खुर्चीवर बसून पाहायला येणारे केवळ गोरे! त्याच हार्लेममध्ये १९२६ साली 'सॅव्हॉय बॉलरूम' सुरू झाले. तेथे काळे-गोरे कोणीही तिकीट काढून यावे आणि एकाच फरशीवर नाचावे. नाच तोच, संगीतही तेच. पण एका ठिकाणी ती चाकरी होती आणि दुसऱ्या ठिकाणी तो हक्काचा आनंद होता. या हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. तेथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकत होते, हे वाचकांना सांगणे नको.

काकांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

आता निवडीकडे वळू. पहिला काळ १९२० नंतरचा, चार्ल्सटन नाचाचा. लय फार जलद आणि पाय सारखे उडते. हे तरुणांचे काम. एका वेळी एकच गाणे पुरे. दुसरा काळ १९३५ ते १९४५ चा, म्हणजे 'स्विंग'चा. नाचण्यासाठी सर्वांत चांगली निवड याच काळातली. एलिंग्टन, काउंट बेसी यांचे वाद्यवृंद नाचणाऱ्यांसाठीच वाजवीत. ठेका स्पष्ट आणि झुलता असल्याने नवख्याचेही पाऊल चुकत नाही. शिवाय त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यामुळे दम लागण्याआधीच गाणे संपते.

१९४५ च्या सुमारास चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांची 'बीबॉप' जॅझ आली. ती थोर खरी, पण बसून ऐकण्याची. १९५९ चे 'टेक फाइव्ह' प्रसिद्ध आहे. पण त्यात पाच मात्रांचे आवर्तन आहे. चारच्या सवयीचा पाय तेथे अडखळतो. प्रसिद्ध आहे म्हणून नाचायला लावू नये.

लय मोजणे सोपे आहे. घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. १२० च्या आसपास आले तर वडीलधारेही नाचू शकतील. १६० च्या आसपास तरुण रमतील. २०० च्या पुढे गेले तर पाहुण्यांच्या गुडघ्यांची काळजी घ्या! दोन जलद गाण्यांनंतर एक संथ ठेवावे.

जॅझ आपल्याला परकी नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा काळ्या कलावंतांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्याचे वादक ही कला शिकले. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. हे वादक पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत आले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके' या गाण्याला बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची साथ दिली. त्यावर नाचले भगवानदादा. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१३ साली जन्मलेला, गिरणी कामगाराचा हा मुलगा. त्यांच्या नाचात उड्या नाहीत. लहान पावले, हलते खांदे आणि मोकळे हात, एवढेच. घरच्या मैफलीला याहून सोपा नाच कोणता?

म्हणून क्रम असा लावला : आधी 'अलबेला', कारण ते सर्वांच्या ओळखीचे. मग मध्यम लयीचे एलिंग्टन आणि बेसी. मग तरुणांसाठी एक चार्ल्सटन. त्यानंतर एक संथ गाणे आणि शेवटी १९५७ च्या 'आशा'तले 'इना मीना डिका'. आवाज इतकाच, की शेजारी बसलेल्याशी बोलता यावे.

पहिल्या गाण्याला काकू उठल्या. सुना आणि लेकीही उठल्या. एरवी वरातीत बाजूला उभ्या राहणाऱ्या बायका आपल्याच अंगणात मोकळेपणी नाचल्या. थोरले काका खुर्चीवरून उठले नाहीत. पण शेवटी पुतणीला जवळ बोलावून म्हणाले, "ते पयलं गाणं लाव बरं पुन्हा."

आपण कुणाच्या दारात आणि कुणाच्या हुकमाने नाचतो, प्रश्न तेवढाच असतो. दार आपले असेल तर नाचायला लाजू नये.