हबेनारियाची शुंडिका आणि निशाचर पतंग : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीलगत जांभ्या दगडाचे सडे व गवताळ डोंगरउतार आहेत. पावसाळ्यात तेथे हबेनारिया प्रजातीतील भू-आमरी उगवतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी कोकणात आढळणाऱ्या हबेनारिया लॉन्जिकॉर्निक्युलाटा या जातीच्या परागीभवनाचा विचार केला आहे. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत तिला हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘लांब शिंगाची’ असा होतो. हे शिंग म्हणजे फुलाची शुंडिका, फुलामागे लोंबणारी पोकळ, चिंचोळी नळी. तिची लांबी १० सेंटिमीटरहून अधिक भरते; मधुरस असतो तो मात्र टोकाशी.

असे फूल मधमाशीच्या उपयोगाचे नाही. पांढरा रंग व रात्रीचा सुगंध हे आमंत्रण निशाचर पतंगांना, विशेषतः स्फिंजिडी कुळातील लांब सोंडेच्या पतंगांना आहे. हा पतंग फुलावर बसत नाही. हवेत तरंगत सोंड आत घालतो. शुंडिका सोंडेपेक्षा किंचित लांब असल्यास शेवटचा थेंब मिळविण्यासाठी त्याला डोके फुलात दाबावे लागते. त्याच क्षणी चिकट चकतीसह परागपुंज त्याला चिकटतात व पुढच्या फुलाच्या कुक्षीवर पोहोचतात. शुंडिका आखूड असती तर पतंग रस पिऊन, स्पर्श न करताच निघून गेला असता.

डार्विनने १८६२ मध्ये मादागास्करच्या अँग्रेकम आमरीची सुमारे ३० सेंटिमीटर लांब शुंडिका पाहून तेवढ्याच सोंडेच्या पतंगाचे भाकीत केले होते. १९०३ मध्ये त्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्ये निल्सन यांनी प्लॅटँथेरा आमरीच्या शुंडिका प्रयोगासाठी आखूड केल्या, तेव्हा परागवहन घटल्याचे १९८८ मध्ये दाखवून दिले. हबेनारियाची ही जवळची नातलगच होय.

आता किनाऱ्याकडे पाहू. कोकणात आढळणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांपैकी ॲग्रियस कॉन्व्होल्व्ह्युली याच्या अळ्या रताळे व गारवेल यांच्या कुळातील वनस्पतींची पाने खातात. वाळूवरची मर्यादवेल याच कुळातली. किनाऱ्यावरील बांधकामासाठी ही वेल ‘कचरा’ म्हणून काढली जाते, आणि नंतर तेथे लागणारे प्रखर दिवे पतंगांना रात्रभर भोवती फिरवत ठेवतात. सड्यावरची आमरी कोणी तोडली नाही, तरी तिचा पाहुणा असा वाटेतच अडतो. फलधारणा न झालेली झाडे कंदाच्या बळावर पुढेही उगवत राहतात, फुलतात. त्यामुळे पतंग कमी झाल्याचे सड्यावर लगेच ध्यानात येत नाही.