काचपट्टीचे चित्र आणि त्यातील दुरुस्ती

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर येतो, तेव्हा तो जेमतेम नखाएवढा असतो. मात्र सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगातून एका वेळी त्याचा सुमारे अर्धा मिलिमीटर भागच दिसतो. १५ मिलिमीटर लांब व १० मिलिमीटर रुंद तुकडा दूरच्या तज्ज्ञांस संगणकावर पूर्ण दाखवावयाचा, तर किमान ६०० छायाचित्रे घेऊन ती जोडावी लागतात. संपूर्ण काचपट्टी टिपणारा स्कॅनर कित्येक लाखांच्या घरात जातो. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी कॅमेरा व मुक्तस्रोत संगणकप्रणाली हाच परवडणारा मार्ग आहे.

आपल्याच जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातून १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी होत आली आहे. हा रोग शहरांपुरता नाही, हे त्या नोंदींनीच दाखविले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील वेन रॅसबँड यांनी १९९७ मध्ये ‘इमेजजे’ ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध केली. तिच्याच आधारे ‘फिजी’ उभी राहिली. शेजारच्या दोन छायाचित्रांत थोडा भाग सामाईक ठेवतात. तो जुळवून प्रणाली त्यांची जागा ठरविते. खतावणी लिहिणाऱ्यांस हे नवे नाही: मागील पानाची बेरीज पुढील पानाच्या शिरोभागी आली, की पाने सलग असल्याचे कळते.

दुसरी अडचण प्रकाशाची. चित्र मध्यभागी उजळ व कडेला काळवंडलेले येते. यासाठी रिकाम्या काचेचे छायाचित्र घेऊन प्रत्येक चित्रास त्याने भागतात. भिंगावरील धुळीचे डागही त्यातच जातात.

येथे सावधगिरी हवी. पेशीकेंद्राचा जांभळा रंग किती गडद, यावरही निदान अवलंबून असते. दुरुस्ती अतिरेकी झाली तर तोच फिका पडेल. जुळणी चुकली तर काही पेशी दोनदा दिसतील, काही गळतील. म्हणून मूळ छायाचित्रे जशीच्या तशी राखणे व प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणे आम्ही अनिवार्य मानतो. अंतिम अहवाल काचपट्टी प्रत्यक्ष पाहूनच द्यावयाचा. अन्यत्र उपचारास जाताना नातेवाईकांनी चित्रावर न विसंबता काचपट्टी व मेणाचा ठोकळा सोबत न्यावा, ही विनंती.

प्रणाली फुकट आहे, मग खर्च कसला, असा प्रश्न देणगीदार विचारतात, आणि तो रास्तच आहे. मूळ छायाचित्रांच्या साठवणुकीस व तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणास पैसा लागतो. अंदाजपत्रकात या दोन्ही बाबी स्वतंत्र दाखविल्या आहेत.