चंद्रावर जिवंत प्राणी पाठवता येईल का?

23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 चं लँडिंग आपण सगळ्यांनी मोबाईलवर लाईव्ह पाहिलं. समजा, विक्रम लँडरमध्ये एखादा उंदीर असता, तर पुढे त्याचं काय झालं असतं?

चंद्राला फेरी मारून आलेले प्राणी

सप्टेंबर 1968 मध्ये सोव्हिएत संघाच्या झोंड-5 यानातून दोन कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली, म्हणजे माणसाच्याही तीन महिने आधी! 1972 मध्ये अपोलो-17 मधून पाच छोटे उंदीर गेले, त्यातले चार जिवंत परतले. पण यातला एकही प्राणी चंद्रावर उतरला नव्हता.

खरी अडचण रात्रीची

चंद्रावरची एक रात्र आपल्या साधारण 14 दिवसांची असते आणि तापमान शून्याखाली 170 अंशांच्याही खाली जातं. जानेवारी 2019 मध्ये चीनच्या चांग-ई-4 यानातल्या एका बंद डब्यात कापसाच्या बीला कोंब फुटला. त्याच डब्यात फळमाशीची अंडीही होती. पण रात्र झाली आणि कोंब थंडीने मेला. यान मात्र टिकलं, कारण त्यात किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर चालणारे हीटर होते. आपल्या विक्रमला रात्रीआधी स्लीप मोडमध्ये टाकलं होतं, तो पुन्हा जागा झालाच नाही. उंदराला तर स्लीप मोडच नसतो. त्याला ऊब, ऑक्सिजन, पाणी सगळं सतत लागणार.

मग पाठवायचं कशाला?

कारण चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या फक्त एक षष्ठांश आहे. तिथे वाढणाऱ्या पिल्लाची हाडं कशी होतील, हे कुणी पाहिलेलं नाही. माणूससुद्धा तिथे जास्तीत जास्त 75 तास राहिलाय. उद्या तिथे वस्ती करायची असेल, तर हे आधी कळायला हवं.

परतीचं तिकीट

1957 मध्ये लायका कुत्रीला अंतराळात पाठवलं, तेव्हा तिला परत आणायची सोयच नव्हती. झोंडची कासवं परत आली, पण अभ्यासासाठी नंतर त्यांचं विच्छेदन केलं गेलं. मशीन बंद पडलं तर आपण पुढच्या वेळी डिझाईन सुधारतो. जिवाच्या बाबतीत असं म्हणून चालत नाही. त्यामुळे मला वाटतं, आधी रिकामा डबा चंद्रावरची एक पूर्ण रात्र उबदार राहतो का ते बघावं, मग माशीची अंडी पाठवावीत. उंदराचा नंबर मात्र परतीचं यान तयार असेल तेव्हाच.

तुम्हाला काय वाटतं?