गाडीवाल्याचे तास कोण मोजतो?



गेल्या हंगामातली गोष्ट. आपल्याच जेटीवर बेळगावला जाणारी गाडी संध्याकाळी सहाला येऊन लागली. ट्रॉलर आला रात्री अकराला. बांगड्याचे क्रेट भरून, बर्फ मारून गाडी सुटली तेव्हा एक वाजून गेला होता. ड्रायव्हर सकाळपासून दुसऱ्या भाड्यावर होता, हे आपण कोणी विचारलंच नाही. पहाटे घाटात त्याला डुलकी लागली आणि गाडी गटारात गेली. माणूस वाचला, माल गेला. नंतर जेटीवर सगळे मालाचंच बोलत होते. आम्हीही त्यातलेच. म्हणून हा विषय आज नीट मांडतो आहोत.

ड्रायव्हरने किती तास काम करावं याचा कायदा आहे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये तो फार बारकाईने पाळावा लागतो. तिथेही मासा लॉरीनेच जातो. स्कॉटलंडच्या पीटरहेड बंदरात उतरलेला मासा थेट फ्रान्समधल्या बुलोनच्या बाजारापर्यंत रस्त्याने जातो. मासा तिथलाही थांबत नाही. मग ते कसं जमवतात?

तिथे दोन वेगवेगळे हिशेब असतात.

पहिला हिशेब स्टेअरिंगचा. दिवसाला ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदाच १० तास चालतात. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. एका आठवड्यात ५६ तासांवर आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तासांवर जायचं नाही.

दुसरा हिशेब एकूण कामाचा. यात चालवणं आलं, माल चढवणं-उतरवणं आलं, गाडी धुणं, तपासणं, कागदपत्रं, सगळं आलं. हे काम आठवड्याला सरासरी ४८ तासांपेक्षा जास्त नको. सरासरी म्हटल्यामुळे धंद्याला थोडी ढील मिळते. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांप्रमाणे ही सरासरी साधारण १७ आठवड्यांवर काढतात. एखाद्या आठवड्यात ६० तासांपर्यंत काम चालतं, पण ६० च्या वर कधीच नाही.

आकड्यांत बघा. १७ आठवडे गुणिले ४८ म्हणजे ८१६ तास. हंगाम जोरात आहे म्हणून ड्रायव्हरने पाच आठवडे ६० तासांनी काम केलं तर ३०० तास तिथेच संपले. उरले ५१६. ते बाकीच्या १२ आठवड्यांत वाटायचे म्हणजे आठवड्याला ४३ तासच मिळतात. म्हणून शहाणा ड्रायव्हर दर आठवड्याला आपली वही बघतो. शेवटच्या महिन्यात जागा होणाऱ्याला घरी बसावं लागतं आणि मालकाला दुसरा माणूस शोधावा लागतो.

आता कोणी म्हणेल, सुट्टी टाकली की सरासरी खाली येईल. तशी ती येत नाही. हक्काच्या रजेचा आणि आजारपणाचा प्रत्येक पूर्ण आठवडा ४८ तास धरूनच मोजतात. आणि सामान्य कामगार तिथे लिहून देऊन ४८ तासांची मर्यादा सोडू शकतो, तसं लॉरीच्या ड्रायव्हरला करता येत नाही. रस्त्यावर त्याच्यासोबत दुसऱ्यांचाही जीव असतो.

आपल्या कामाचा खरा मुद्दा थांबण्याचा आहे. धक्क्यावर ताटकळलेला वेळ काम की आराम? तिथला नियम असा: किती वेळ थांबायचं हे आधी सांगितलं असेल आणि ड्रायव्हर मोकळा असेल, तर तो वेळ ४८ तासांत धरत नाहीत. पण "येईल आता बोट, थांब जरा" असं म्हणून ठेवलं, तर तो सगळा वेळ काम. गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रावर त्याची वेगवेगळी बटणं आहेत. स्टेअरिंगचं चित्र म्हणजे चालवणं, हातोड्यांचं म्हणजे इतर काम, पलंगाचं म्हणजे आराम. ताटकळत असताना पलंगाचं बटण दाबायचा मोह होतोच. पण यंत्रावर आराम दिसला म्हणून डोळ्यांना झोप मिळत नाही.

आपल्याकडचं काय? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांबच्या मार्गावर किंवा सणासुदीला परवानगी घेऊन १० आणि ५४ पर्यंत, त्यापुढे नाही. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि आजची ड्युटी संपून उद्याची सुरू होईपर्यंत सलग ९ तास आराम. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने ड्रायव्हरचे तास याच कायद्याला बांधले. आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेत सामावला आहे. दिवसाचे आठ तास ही चौकट तिथेही आहे.

दोन गोष्टी लक्षात घ्या. १९६१ च्या त्या हिशेबात १७ आठवड्यांची सरासरी नव्हती, प्रत्येक आठवडा आपापल्या पायावर. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ड्रायव्हर घरी होता, म्हणून ऑगस्टमध्ये त्याला दोन रात्री जागवता येत नाही. मासा बर्फात ठेवता येतो, झोप ठेवता येत नाही. दुसरं, कामाचा तास म्हणजे मालकाच्या, किंवा हक्काने काम सांगणाऱ्या दुसऱ्या कोणाच्याही, हाताशी असलेला वेळ, अशी त्या कायद्यातली व्याख्या. जेटीवर तो दुसरा कोणी म्हणजे आपणच.

म्हणून येत्या सभेत आम्ही हे मांडणार आहोत:

१. जाळं ओढलं की तांडेलाने अंदाजे वेळ कळवावी. गाडी त्याच वेळेला बोलवावी, चार तास आधी नाही.

२. गेटवरच्या वहीत चार वेळा लिहाव्यात: गाडी आली, भरणं सुरू, भरणं संपलं, गाडी सुटली.

३. भरण्याआधी ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारावा: शेवटचा कधी झोपलास? नऊ तास आराम झाला नसेल तर दुसरा ड्रायव्हर, नाहीतर दुसरी गाडी.

४. बर्फाच्या शेडशेजारची खोली रिकामी करून दोन खाटा टाकाव्यात. खर्च फार नाही.

बाजारात उशीर झाला तर किलोमागे भाव पडतो, हे आम्हाला कळतं. आमच्याही घरात चूल त्याच पैशावर पेटते. पण आपला पोरगा बोटीवर असतो तेव्हा त्याला झोप मिळावी असं आपल्याला वाटतंच ना? २००७ च्या आंतरराष्ट्रीय मासेमारी कराराने तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवरच्या माणसाला २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती ठरवली आहे. समुद्रातल्याला जे लागतं तेच रस्त्यावरच्याला लागतं. तोही कोणाच्या तरी घरचा आहे, आणि त्याच्या घरीही कोणीतरी वाट बघत जागं असतं.

सभेला यावं, आपलं मत सांगावं. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांनी जरूर यावं.

आपला,
सचिव, संस्थेच्या वतीने